ऋतूचे वावडे आणि औषधाचे वावडे



‘वावडे’ हा आपल्या भाषेतील जुना शब्द. कोणाला वांगे सोसत नाही, कोणाला मासळी. ते त्याचे वावडे. व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ साली ‘अॅलर्जी’ हा शब्द घडविला. परंतु त्यामागील अनुभव आपल्या घराघरांत पूर्वीपासूनच होता. शरीराची संरक्षक फौज एखाद्या निरुपद्रवी पाहुण्यालाच शत्रू समजते आणि मग शिंका, खाज, अंगावर उठणाऱ्या गांधी व धाप यांचा त्रास सुरू होतो. ज्या वावड्याचे नाव आपल्याला ठाऊक आहे, ते टाळता येते. निनावी वावडे मात्र घातक ठरते. आज एवढेच सांगावयाचे आहे.

पुण्याच्या परिसरात १९५५ च्या सुमारास दोन गोष्टी एकदमच अवतरल्या. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स कारखान्यात पेनिसिलिन तयार होऊ लागले आणि पुण्यात गाजरगवत प्रथम दृष्टीस पडले. एकाने असंख्य प्राण वाचविले, दुसऱ्याने देशभर उच्छाद मांडला. पण वावडे दोहोंचेही असू शकते.

बालाघाट जिल्ह्यातील बिरसा तहसिलीचेच उदाहरण घ्या. सालवृक्षांचे रान आणि भाताची शेती असा हा मुलूख. पावसाळ्यात पडीक जागी व रस्त्याच्या कडेला गाजरगवत माजते, कार्तिकात मळणीची धूळ उडते, वसंतात झाडे फुलतात. एखाद्याला दरवर्षी ठरावीक महिन्यांतच शिंका येत असतील, तर तो सर्दीचा दोष नव्हे, हे ओळखावे. त्रास कोणत्या महिन्यात, कोणत्या कामानंतर होतो, हे दोन वर्षे टिपून ठेवले, तर कारण बहुधा आपोआप समोर येते. गाजरगवताने पापण्या, मान व कोपरांच्या घड्या येथील कातडी लाल होऊन खाजते. ते गवत फुलोऱ्यापूर्वी, जमीन ओली असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटावे. मात्र ज्याला त्याचे वावडे आहे, त्याने हे काम दुसऱ्याकडे सोपवावे. जबलपूर येथे तणसंशोधनाची राष्ट्रीय संस्था आहे. तिच्या पुढाकाराने दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट या काळात गाजरगवत जागृती सप्ताह पाळला जातो. गावाने त्याचा लाभ घ्यावा. मळणीच्या वेळी नाकातोंडावर फडके बांधावे, घरी येताच अंग धुवावे. शिंकांवरील काही जुन्या गोळ्यांनी झोप येते. त्या घेऊन ट्रॅक्टर चालवू नये.

औषधाचे वावडे अधिक गंभीर. इंजेक्शन वा गोळी घेतल्यावर काही मिनिटांत ओठ-जीभ सुजली, श्वास कोंडला, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर रोग्याला आडवे निजवून पाय उंच करावे. श्वास फारच कोंडत असेल तर बसते ठेवावे. १०८ क्रमांकावर तत्काळ वर्दी द्यावी. यावरचा खरा उपाय म्हणजे मांडीच्या स्नायूत टोचावयाचे अॅड्रिनॅलिन. खाजेच्या गोळीवर विसंबून वेळ दवडू नये. औषध सुरू केल्यावर काही दिवसांनी ताप येऊन तोंडात फोड आले किंवा कातडी सोलू लागली, तर ते औषध थांबवून लगोलग रुग्णालय गाठावे.

याच्या उलट बाजूही आहे. ‘मला पेनिसिलिन चालत नाही’ असे सांगणाऱ्यांची रीतसर तपासणी केली असता, दहांपैकी सुमारे नऊ जणांना ते सोसते असे आढळले आहे. कोणाला लहानपणी तापातील पुरळ आले होते, कोणाचे नुसते पोट बिघडले होते, तर कोणाचे खरे वावडे वर्षांच्या ओघात विरून गेले होते. पण शिक्का कायम राहतो आणि गरजेच्या वेळी चांगले औषध हातचे जाते. अर्थात ही परीक्षा घरी करण्याची नव्हे. ती डॉक्टरांनीच, साधने जवळ ठेवून करावयाची.

म्हणून एका कागदावर चार गोष्टी लिहा: औषधाचे नाव, काय झाले, किती वेळाने झाले, आणि कोणत्या साली. ‘लाल गोळी’ किंवा ‘तापाची सुई’ असे लिहून भागणार नाही. वेष्टनावरील नाव उतरवून घ्या. जिल्ह्याचे रुग्णालय दूर आहे आणि तेथील डॉक्टरांना तुमचा पूर्वेतिहास ठाऊक नाही. रोगी बेशुद्ध असेल तेव्हा त्याच्या वतीने हा कागदच बोलेल. तो शिधापत्रिकेच्या घडीत ठेवा आणि घरातील सर्वांना त्याची जागा सांगून ठेवा.