किल्ली आत, धनी बाहेर

आपोआप लागणाऱ्या कुलपाचे दार वाऱ्याने मिटावे, किल्ली आत राहावी आणि घरधन्याने जिन्यावर ताटकळत बसावे, हा प्रसंग शहरवासीयांना नवा नाही. किल्लीवाला येतो, दार उघडते. परंतु ज्याचे घर हजारो कोस दूर आहे आणि जो तेथे केवळ तारेच्या वाटेने जातो-येतो, त्याने कोणाला हाक मारावी? दूरच्या सर्व्हरचा कारभार पाहणाऱ्याची स्थिती नेमकी अशीच असते. परक्यांना अटकाव करावा म्हणून तो फायरवॉलचे नियम लिहू लागतो. स्वतःला परवानगी देणारी ओळ लिहिण्यापूर्वीच सरसकट निषेधाची ओळ अमलात येते, आणि पहिला परका ठरतो तो स्वतःच.

४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुकसारख्या बलाढ्य कंपनीवरही हा प्रसंग ओढवला. नित्याच्या देखभालीत दिलेल्या एका आज्ञेने तिच्या डेटा सेंटरांना जोडणारे जाळेच तुटले. अशा आज्ञा अडविण्यासाठी नेमलेल्या तपासनीस प्रोग्रॅममध्येही दोष होता; पहारेकऱ्यालाच डुलकी लागली म्हणा ना! केंद्राशी संबंध तुटलेला पाहून कंपनीच्या डीएनएस सर्व्हरांनी नियमाप्रमाणे आपला मार्ग जगाला सांगणे थांबविले. दुरुस्तीची नेहमीची साधनेही त्यामुळे निकामी झाली. अखेर अभियंत्यांना प्रत्यक्ष केंद्रांवर धाडावे लागले, तेव्हा आगंतुकांच्या भयाने केलेला कडेकोट बंदोबस्त त्यांच्याच आड आला. सुमारे सहा तास सेवा बंद होती.

म्हणून जाणते लोक बदलापूर्वी परतीची वाट बांधतात. नव्या जोडणीने प्रवेश मिळतो हे पाहिल्यावाचून जुनी सोडीत नाहीत. कन्सोलची निराळी वाटही राखून ठेवतात. पण सर्वांत शहाणी युक्ती आहे ज्युनिपरच्या राउटरांतील ‘कमिट कन्फर्म्ड’ ही आज्ञा. बदल तात्काळ लागू होतो. मात्र ठरावीक मुदतीत, निराळी न सांगितल्यास दहा मिनिटांत, माणसाने पुन्हा होकार कळविला नाही, तर यंत्र आपण होऊन पूर्वस्थितीवर येते. मौन हे संमतीचे लक्षण मानण्याची रूढी आहे. येथे ते नकाराचे लक्षण ठरते.

याच दूरदृष्टीचा आधार अंतराळातही होता. २१ जुलै २०२३ रोजी दिलेल्या चुकीच्या आज्ञेने ‘व्हॉयेजर २’ची अँटेना पृथ्वीपासून दोन अंशांनी ढळली आणि सुमारे १,९९० कोटी किलोमीटरांवरील त्या यानाशी संभाषण खुंटले. वर्षातून काही वेळा आपले तोंड पुन्हा पृथ्वीकडे वळवावे, असे त्या यानाला आधीच शिकवून ठेवलेले होते. पुढचा दिवस होता १५ ऑक्टोबर. तोवर थांबण्याऐवजी नासाच्या मंडळींनी कॅनबेराजवळील प्रचंड अँटेनेतून जोरदार संदेश धाडला. तो पोचण्यास साडेअठरा तास लागले, उत्तर येण्यास तितकेच. ४ ऑगस्ट रोजी यानाकडून वृत्त पुन्हा येऊ लागले.