गोणीचं वजन तेच राहतं
(इंदापूरच्या तरुणांच्या बैठकीतलं भाषण)



मी मुंबईच्या गोदीत गोणी वाहतो. मॅट्रिक झालोय, कविता लिहितो. पंडिताचं भाषण माझ्याकडनं होणार नाही.

सकाळी बारामतीच्या एस.टी. स्टँडवर एक पोरगा म्हणाला, "भाषणं बास झाली. त्या एकाला उडवायचा, मग सगळे सरळ येतील." मी हसलो नाही. त्याच्या वस्तीवर काय झालंय ते मला ठाऊक आहे. पण इंदापूर येईस्तोवर त्याच्याच वयाची दोन पोरं माझ्या डोळ्यांपुढं होती.

एक अनंत कान्हेरे. वय अठरा. बाबाराव सावरकरांना जन्मठेप झाली, तिचा सूड घ्यायला त्याला औरंगाबादहून नाशिकला आणला. पिस्तूल लंडनहून आलेलं. २१ डिसेंबर १९०९, विजयानंद थिएटर, 'शारदा'चा खेळ. कलेक्टर जॅक्सनची बदली झालेली, तो जाणारच होता. अनंतानं त्याला गोळ्या घातल्या. १९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या तुरुंगात अनंत, कर्वे आणि देशपांडे फासावर गेले. नाशिकला दुसरा कलेक्टर आला.

दुसरा, साराजेव्होचा सर्ब पोरगा, नेदेल्को चाब्रिनोविच. वय एकोणीस. छापखान्यात कंपोझिटर, संपात होता म्हणून शहरातून हद्दपार झालेला. म्हणजे आपल्यासारखाच कामगार. बाँब-पिस्तुलं आली बेलग्रेडच्या लष्करी अधिकाऱ्यांच्या गुप्त गटाकडून. २८ जून १९१४ ला त्यानं ऑस्ट्रियाच्या युवराजाच्या मोटारीवर बाँब फेकला. युवराज वाचला. पोरानं विष खाल्लं, नदीत उडी मारली. विष लागलं नाही, नदीला पाणी नव्हतं. पुढं त्याच दिवशी त्याचा दोस्त गाव्रिलो प्रिन्सिप यानं युवराजाला अन् त्याच्या बायकोला गोळ्या घातल्या. ऑस्ट्रियाला लढाईचं निमित्त मिळालं, महायुद्ध पेटलं. कोर्टात चाब्रिनोविचनं पश्चात्ताप बोलून दाखवला. विशीच्या आतला, म्हणून फाशी टळली. जानेवारी १९१६ मध्ये तुरुंगातच क्षयानं मेला.

ही पोरं भेकड नव्हती. देणाऱ्यांनाही पुढं शिक्षा झाल्या, ते नाकारत नाही. पण खुर्ची तिथंच राहिली आणि पोरं गेली.

गोदीत आम्ही मुकादमाला शिव्या घालतो. मुकादम बदलतो, गोणीचं वजन तेच राहतं. ते कमी करायचं तर सगळ्या टोळीनं गोणी खाली ठेवावी लागते.

त्याच नाशकात २ मार्च १९३० ला काळारामाच्या दारात आपली हजारो माणसं उभी राहिली. आयाबाया होत्या, म्हातारे होते. दार लगेच उघडलं नाही. वर्षानुवर्षं लढा चालला. पण एकट्या पोराला पुढं ढकलून कुणी मागं लपलं नाही.

तो पोरगा इथं मागं बसलाय. गड्या, राग विझवू नको. पण उद्या कुणी तुझ्या हातात पिस्तूल ठेवलं, तर त्याला एवढंच विचार, "तुझा स्वतःचा पोरगा कुठंय?"

आणि सकाळी तक्रार द्यायला तू एकटा जायचं नाहीस. आम्ही सगळे येतोय.