संत्र्याची सल, बांधावरची बाभूळ आणि साखळीची करवत
(जिल्हा बैठकीत केलेले भाषण)



मागच्या बैठकीला वरुड-मोर्शीकडच्या मंडळींनी एक प्रश्न टाकला होता. संत्र्याची सल काढायला माणूस मिळत नाही. मग छोटा चेनसॉ घ्यावा का, आणि घ्यायचा तर कोणता? उत्तर शोधण्याचे काम आम्हा पाच बागाईतदारांच्या गळ्यात पडले. पाचांपैकी चौघांच्या घरी मशीन होतेच, आणि त्यातली तीन कोठ्यात धूळ खात पडली होती. तिथूनच आम्ही सुरुवात केली. पैसे मोजून घेतलेली वस्तू शेतकरी उगीच कोपऱ्यात टाकत नाही.

पडून असलेल्या तिन्ही मशिनी एकाच जातीच्या निघाल्या. पेट्रोलवर चालणारी, ५८ सीसी, १८ ते २२ इंची पात्याची. दुकानात गेलो की आपण ट्रॅक्टर घेतल्यासारखी ताकद विचारतो. जास्त ताकद आणि कमी पैसे, म्हणजे सौदा पक्का! पण हे मशीन पडलेले खोड जमिनीवर कापायला आहे. पाते, तेल, पेट्रोल धरून सात किलोच्या आसपास वजन. ते घेऊन संत्र्याच्या झाडात शिरायचे, हात वर करायचा आणि अंगठ्याएवढी वाळकी काडी काढायची. दहाव्या झाडाला खांदा बोलतो. शेजारची हिरवी फांदी सोलली जाते ती वेगळीच.

आमच्या बैठकीतल्या एका भावाने हेच मशीन शिडीवर चढून चालवले. पात्याच्या टोकाचा वरचा भाग दुसऱ्या फांदीला टेकला आणि पाते उसळून मागे आले. डाव्या हाताला टाके पडले, बोट वाचले. त्याची चूक काय? टोक लाकडाला लागले की चेन पाते उलट फेकते, हे त्याला विकताना कोणी सांगितले नव्हते. त्याच्या मशीनला चेन-ब्रेकचा दांडा होता, पण अडचण होते म्हणून तो काढून टाकलेला. भावांनो, तो दांडा काढू नका. खांद्याच्या वर मशीन नेऊ नका. शिडीवर नेऊ नका. धोतराचा सोगा, दुपट्टा, ओढणी, सैल बाही यातले काही मशीनजवळ नको.

दुसरी जात २५ सीसीची, पात्याच्या वर मूठ असलेली, १० ते १२ इंची. वजन निम्म्याच्या जवळपास. मनगट ते मांडीएवढ्या फांद्या, जुनी बाग छाटायची असेल तर वाळके फाटे, बांधावरची बाभूळ, या कामाला हीच. मात्र मूठ वर आहे म्हणून ती एका हाताने चालवायची नाही. पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक तेल मशीनच्या पुस्तकात लिहिले असेल तेवढेच टाकायचे. पन्नासास एक म्हटले असेल तर लिटरला २० मिली, पंचविसास एक असेल तर ४० मिली. अंदाजाने झाकणभर टाकणाऱ्यांची इंजिने जाम झालेली आम्ही पाहिली आहेत.

तिसरी जात बॅटरीची, ४ ते ६ इंची, किलो-दीड किलोची. सल काढायला आम्हाला हीच पसंत पडली. आमच्या घरच्या बायांनीही हीच उचलली. पण हिच्यात फसवणूकही जास्त. स्वस्त बॅटरीवर ४८, ८८ असे आकडे छापलेले असतात. आम्ही एक खोलून पाहिली. आत पाच सेल. एक सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट, म्हणजे पाचांचे २१, चालताना १८. यापुढे छापलेले सगळे शाईचे व्होल्ट! दोन अँपिअर-तासाची बॅटरी धरली तर १८ गुणिले २, म्हणजे ३६ वॉट-तास. पाचशे वॉटची मोटर पूर्ण जोरात चालली तर चार-सव्वाचार मिनिटे. फांदी दोन-चार सेकंदांत तुटते आणि मध्ये मशीन बंद असते म्हणून काम होते, इतकेच. तेव्हा दोन बॅटऱ्या हव्यातच, आणि सुटी बॅटरी गावात मिळते का हे आधी विचारा. बहुतेक स्वस्त मशिनींत चेनला आपोआप तेल मिळत नाही. थोड्या-थोड्या वेळाने हाताने थेंब सोडावे लागतात. आणि हलकी आहे म्हणून डाव्या हातात फांदी, उजव्या हातात मशीन असे सगळेच करतात. बोटे जातात ती तिथेच.

करंगळीपेक्षा बारीक काडी, पाणसोट, कुंपणाची बोरी यांना तिन्ही जाती निरुपयोगी. लवचीक काडी चेनमध्ये गुंतते, फटका मारते, चेन उतरवते. तिथे सिकेटर आणि कोयताच चालतो.

साखळीबद्दल एक गंमत सांगतो. अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये जो कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याने १९४६ साली लाकूड पोखरणारी अळी पाहिली. ती जबडा डावीकडे-उजवीकडे चालवत होती. त्यावरून त्याने आजच्या चेनचा दात बनवला. आपल्या बागेतल्या अळ्यांनी आजवर आपले फक्त नुकसान केले, आपण कधी तिचे तोंड पाहिले नाही. तो दात टिकवायचा तर चेन मातीला लावू नका. भुसा पिठासारखा पडू लागला की दात बोथट झाला समजा, आणि जोर लावण्याआधी कानस घ्या.

जाड फांदी वरून एकदम कापली तर साल खोडापर्यंत फाटते. आधी खोडापासून वीतभर लांब, खालून पाव भाग कापा. मग त्याच्या थोडे बाहेर वरून कापून फांदी पाडा. उरलेला खुंट शेवटी, फुगीर गळा शाबूत ठेवून. जखमेला बोर्डो मलम: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. डिंक्या लागलेली झाडे सर्वांत शेवटी घ्या आणि तिथे हातकरवत वापरा. ती निर्जंतुक द्रावणात बुडवता येते, चेनसॉ बुडवता येत नाही.

मशीन हातात आले की बांधावरच्या सागाकडे नजर जाते. साग, आंबा, चिंच, मोह तोडायला १९६४ च्या कायद्याने परवानगी लागते. झाड लावायचे आम्ही, राखायचे आम्ही, आणि तोडायला साहेबाची चिठ्ठी! त्यावर वेगळ्या बैठकीत बोलू.

आमचा सल्ला असा: बॅटरीची लहान करवत ज्याची त्याने घ्यावी, २५ सीसीची चार घरांत मिळून एक. पडून असलेल्या ५८ सीसीच्या तीन मशिनी आम्ही विकत नाही. वादळात झाड पडले तर लागतील. पुढच्या बैठकीला ज्याच्या घरी मशीन असेल त्याने चेन काढून आणावी. लहान पात्याला ४ मिलिमीटरची गोल कानस, मोठ्याच्या जाड चेनला ४.८ ची. दात कसा घासायचा ते तिथेच बसून दाखवू.