हुशार मुलाची चाल कोणी ठरवायची?

(संस्थेच्या पालक मेळाव्यात केलेले भाषण)



वाशीम, कारंजा, मंगरुळपीर, रिसोड अशा ठिकाणांहून आपण मुलांना घेऊन आला आहात. मागे पडलेल्या मुलाविषयी आपण नेहमी बोलतो. आज मी पुढे पळणाऱ्या मुलाविषयी बोलणार आहे.

"तो हुशार आहे, त्याची काय काळजी?" असे आपण म्हणतो. पण गुरुजींचे उदाहरण फळ्यावर लिहून होण्याआधीच ज्याचे उत्तर तयार असते, ते मूल उरलेला तास काय करते? खोड्या करते, आणि हळूहळू मेहनतीची सवय विसरते. उलट काही पालक हौसेने पाचवीतल्या मुलाच्या हाती आठवीचे पुस्तक देतात. पाया कच्चा आणि वर माडी! दोन्ही रीती घातकच.

आता मुलाच्या तयारीप्रमाणे गणिते देणारे सॉफ्टवेअर संगणकावर आणि फोनवरही मिळते. समजा, त्याने मुलीला विचारले, ०.३ मोठे की ०.२५? ती म्हणाली ०.२५, कारण तीनापेक्षा पंचवीस मोठे. चांगले सॉफ्टवेअर इथे नुसती फुली मारून थांबत नाही. ते तिला दशांश स्थानांकडे मागे नेते, तेवढेच पक्के करून घेते आणि मग पुढे सोडते. जे येते ते पुन्हा पुन्हा गिरवायला लावीत नाही.

संगणकाच्या अशा पायरीपायरीच्या रीतीला 'अल्गोरिदम' म्हणतात. हा शब्द नवव्या शतकात बगदादमध्ये होऊन गेलेल्या अल्-ख्वारिज्मी यांच्या नावावरून आला. वारसाहक्काची वाटणी, व्यापार, जमिनीची मोजणी यांसाठी लोकांना उपयोगी पडावे म्हणून त्यांनी बीजगणिताचा ग्रंथ लिहिला. तेव्हा ही विद्या आपल्याला परकी नाही.

२००४ साली अमेरिकेतील बंगाली घराण्यातल्या सलमान खान यांनी (चित्रपटातले नव्हेत!) नात्यातल्या एका शाळकरी बहिणीला दुरून गणित शिकवायला सुरुवात केली. परीक्षेत मापांचे रूपांतर अडले, म्हणून त्या हुशार मुलीची रवानगी संथ गटात झाली होती. अडचण एवढ्या एका गाठीची होती. ती सुटली आणि मुलगी पुढे गेली. त्या शिकवणीतूनच २००८ साली 'खान अकॅडमी' ही विनामूल्य संस्था उभी राहिली.

आपल्या देशातला दाखला दिल्लीचा आहे. तिथे २०१५-१६ साली 'माइंडस्पार्क' या सॉफ्टवेअरची शास्त्रशुद्ध तपासणी झाली. एकाच इयत्तेतल्या मुलांच्या तयारीत पाच-सहा इयत्तांचे अंतर आढळले! साडेचार महिन्यांत गणितात चांगली प्रगती दिसली. मात्र लक्षात ठेवा, तिथे निम्मा वेळ संगणक होता आणि निम्मा वेळ लहान गटाला शिकवणारा माणूस होता.

म्हणून, पालकहो, फोन हाती देऊन मोकळे होऊ नका. रोज अर्धा तास पुरे, आणि वही-पेन्सिल जवळ हवी. उत्तर बरोबर आले तरी विचारा, "हे कसे काढलेस?" तुम्ही स्वतः शिकलेले नसाल तरी विचारा. ज्याला समजावून सांगता येते, त्यालाच ते आले. आपली पुष्कळ मुले उर्दू माध्यमात शिकतात. प्रश्नाची भाषा कळली नाही तर यंत्र त्यांना गणितातच कच्चे ठरवील. अशा वेळी बालभारतीचे उर्दू पुस्तक शेजारी ठेवा. आणि घरात फोन एकच असेल, तर बेटीचा अर्धा तास आधी ठरवा. भावाचे झाल्यावर उरलेला वेळ तिच्या वाट्याला येऊ देऊ नका.

विद्यार्थी मित्रहो, मागच्या पायरीवर पाठवले तर लाजू नका. एक गाठ सोडवायला मागे येणारा हरत नाही. तुमची चाल शेजाऱ्याच्या मुलाने ठरवायची नाही, पालकांच्या हौसेनेही नाही. जे पक्के समजले, त्यानेच ती ठरवायची.

अल्लाह आपल्या मुलांच्या इल्ममध्ये बरकत देवो. खुदा हाफिज.