किल्ली आधी, दप्तर मागाहून



नागापूरच्या या औद्योगिक वसाहतीत, जिथे यंत्राला दिलेली आज्ञा चुकली तर तिचे फळ तत्काळ बिघडलेल्या मालात दिसते, तिथे आज्ञालेखनाविषयी बोलण्याचा मान आपण मला दिलात, याबद्दल मी कृतज्ञ आहे. अध्यक्षाने आपल्या शास्त्राच्या सर्व प्रांतांतून एक फेरी मारून यावी, असा या पीठाचा शिरस्ता आहे. तो मोडून मी आज एकाच विषयावर रेंगाळणार आहे. गिटच्या इतिहासात अनवधानाने शिरलेले पासवर्ड, टोकन आणि गुप्त किल्ल्या काढून टाकणारी जी साधने आहेत, त्यांचे दस्तऐवज आता माणसाबरोबर एआय एजंटही वाचू लागले आहेत. ते कसे लिहावेत, हा तो विषय होय.

विषय क्षुल्लक भासेल, पण 2016 साली उबर कंपनीच्या खाजगी रिपॉझिटरीतील किल्ली परक्यांच्या हाती लागली आणि जगभरातील सुमारे 5 कोटी 70 लक्ष लोकांची माहिती चोरीस गेली. आपल्याकडेही 2023 च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात सुरक्षेच्या हयगयीबद्दल 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, तेव्हा अधिक समर्थनाची गरज नसावी.

एकदा पसरलेला मजकूर मागाहून शुद्ध करून भागते का, याचे उदाहरण इथलेच आहे: याच जिल्ह्यात, नेवाशाला, ज्ञानेश्वरी सांगितली गेली. कालांतराने अपपाठांनी मलिन झालेली तिची संहिता एकनाथांनी शके 1506 मध्ये शुद्ध केली. तरीही ज्या जुन्या पोथ्या घरोघरी पसरल्या होत्या त्या काही एकनाथांच्या लेखणीने पुसल्या गेल्या नाहीत, आणि 1909 साली इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांनी एकनाथपूर्व म्हणून एक प्रत छापून प्रसिद्धही केली. संशोधकांना ती पर्वणी वाटली. गिटच्या बाबतीत मात्र हीच गोष्ट अनर्थकारक ठरते, कारण आपण आपल्या प्रतीचा इतिहास कितीही कसोशीने नव्याने लिहिला, तरी सहकाऱ्यांचे क्लोन, परक्यांचे फोर्क आणि आपल्याच यंत्रातील रेफलॉग (ज्यात शाखेपासून तुटलेल्या कमिटच्या नोंदीही सामान्यतः 30 दिवस टिकतात) यांत जुनी कमिट जिवंतच राहते. म्हणून किल्ली जिथून दिली गेली तिथेच ती प्रथम रद्दबातल करावी आणि दप्तराची सफाई मागाहून हाती घ्यावी, हा क्रम अनुभवी कारागिराला अंगवळणी पडलेला असतो. परंतु दस्तऐवजात तो बहुधा पाचव्या-सहाव्या परिच्छेदात, तळटीपेसारखा, अंग चोरून उभा असतो.

माणूस असा दस्तऐवज वाचतो तेव्हा उणीव स्वतःच्या अनुभवाने भरून काढतो, आणि संशय आला तर शेजारच्या टेबलावर जाऊन विचारतो. एजंट ती उणीव संभाव्यतेने भरतो, आणि तीही अशा आत्मविश्वासाने की पाहणाऱ्याला ती उणीव होती हेच उमगू नये. एलायजा न्यूरेन यांचे गिट-फिल्टर-रेपो हे साधन घ्या. मी त्याचा चाहता आहे. ताजा क्लोन नसेल तर ते काम करण्यास नकार देते, ही त्याची सावधगिरी वाखाणण्याजोगी आहे. पण त्याच नकाराच्या संदेशाअखेर, तरीही पुढे जायचे असल्यास फोर्सचा पर्याय वापरावा, असेही ते सांगते. माणूस ‘तरीही’ या शब्दापाशी थबकतो; काम तडीस नेण्याची ताकीद मिळालेल्या एजंटाला मात्र त्यात पुढच्या पायरीचा हुकूम दिसतो. हेच साधन, सर्वसाधारण वापरात, इतिहास पुन्हा लिहून झाल्यावर ‘ओरिजिन’ हा रिमोट काढून टाकते, ते नव्या इतिहासाची जुन्या जागी चुकून रवानगी होऊ नये म्हणून. कारण ठाऊक नसलेला एजंट त्याला बिघाड समजेल आणि मोठ्या तत्परतेने तो रिमोट परत जोडून देईल. बीएफजी या दुसऱ्या साधनाची रीत निराळी: सर्वांत अलीकडच्या कमिटमधील मजकुराला ते मुळात हात लावत नाही, तो आधी आपणच स्वच्छ केला असेल असे गृहीत धरते. हे गृहीतक ज्याने वाचले नाही, तो सफाई झाल्याची वर्दी देईल, आणि किल्ली मात्र वरच्याच पानावर राहील.

तेव्हा दस्तऐवजाच्या पहिल्या वाक्यात साधन काय करत नाही ते यावे. प्रत्येक विध्वंसक पर्यायाशेजारी तो माणसाच्या अनुमतीवाचून वापरू नये असे निःसंदिग्ध शब्दांत लिहावे, आणि साधनाने केलेल्या प्रत्येक अनपेक्षित बदलाचे कारण तिथेच नोंदवावे. काही सापडले नाही, सापडले ते काढले, आणि सापडले पण काढता आले नाही, या तीन अवस्थांना एकच शून्य परत करणारे साधन मला कारभारास नालायक वाटते. आणखी एक गोष्ट निक्षून सांगतो, कारण ती सर्रास विसरली जाते: सापडलेले टोकन साधनाने पडद्यावर अक्षरशः छापू नये, त्याची अंशतः झाकलेली खूणच तेवढी दाखवावी, कारण एजंट जे वाचतो ते त्याच्या संभाषणात जाते, संभाषण दूरच्या सर्व्हरवर जाते, आणि गळती थांबवण्यास नेमलेला मुखत्यारच नव्या गळतीचे द्वार होतो.

एवढे बारकावे लिहिले तर दस्तऐवज बोजड होईल, असा आक्षेप मी ऐकला आहे. होईल; ते मला मान्य आहे. पण सुटसुटीतपणाची हौस परिचयपत्रकात पुरवावी, इतिहास नष्ट करणाऱ्या साधनाच्या मार्गदर्शिकेत नव्हे.

या परिषदेच्या सभासदांना माझी विनंती अशी की, पुढील अधिवेशनापूर्वी प्रत्येकाने एक खोटी रिपॉझिटरी तयार करावी, तिच्या इतिहासात एक खोटी किल्ली पेरावी, आणि आपल्या साधनाच्या दस्तऐवजाखेरीज दुसरे काहीही हाती न देता एजंटाला ती काढावयास सांगावी. तो जिथे चुकेल, तिथे आधी आपला दस्तऐवज दुरुस्त करावा.