मुसीचा पूर आणि कर्माचा हिशेब
(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेतील भाषण)



कार्यकर्त्यांनी विषय दिला ‘कर्मसिद्धांत’ आणि वेळ दिली आरतीपर्यंतची. एवढा मोठा विषय एवढ्या वेळात बसवायचा तर तो कुठेतरी आखून घ्यावा लागतो. मी तो आपल्या अफझलगंजापुरता आखून घेतला आहे. कर्म म्हणजे काय, त्याचे प्रकार किती, हे माझ्यापेक्षा चांगले सांगणारे या सभेतच बसले आहेत. मला प्रश्न घ्यायचा आहे तो एकच. ज्याला आपण कर्माचा हिशेब म्हणतो, तो न्यायाचा आहे का? हे तपासायला काशीला जायला नको. नया पुलावर उभे राहिले तरी पुरे.

२८ सप्टेंबर १९०८, सोमवार. नवरात्र बसून तिसरा दिवस होता आणि रमजानचा महिना नुकताच लागला होता. म्हणजे हिंदूंच्या घरी घट बसलेले आणि मुसलमानांच्या घरी रोजे सुरू झालेले. देवाची आठवण काढणाऱ्यांची संख्या वर्षात सर्वांत जास्त असते अशा दिवसांत मुसी चढली. जुन्या लोकांच्या तोंडी या पुराला ‘तुगियानी’ असाच शब्द होता, आणि आपल्यापैकी अनेकांनी तो आजी-आजोबांकडून ऐकला असेल. अफझल पूल, मुसल्लम जंग पूल आणि चादरघाटचा पूल असे तीन पूल निकामी झाले. १५७८ साली बांधलेला पुराना पूल तेवढा टिकला. नदीकाठचा अफझलगंजचा दवाखाना गेला. कोळसावाडीसारख्या वस्त्या धुऊन निघाल्या. मृतांचा आकडा सामान्यतः पंधरा हजारांच्या आसपास सांगितला जातो.

दोन जागांची गोष्ट आपल्याला ठाऊक असेल, पण ती एकमेकींशेजारी ठेवून पाहा. दवाखान्याच्या आवारात चिंचेचे एक मोठे झाड होते, आजही आहे. त्या झाडावर चढलेले सुमारे दीडशे लोक वाचले. पलीकडच्या काठाला शहराच्या तटाचा पेटला बुरूज होता. दगडाचा, भक्कम, उंच. शेकडो माणसे त्याच्यावर जाऊन उभी राहिली. बुरूज कोसळला आणि माणसे त्याच्याबरोबर गेली. आता मला सांगा, पाणी चढते आहे, मुले कडेवर आहेत, समोर झाड आणि बुरूज दोन्ही असते तर आपण कुठे गेलो असतो? शहाणा माणूस बुरुजावरच गेला असता. मग झाडावरच्या दीडशेंचे पुण्य जास्त होते आणि बुरुजावरच्यांचे पाप जास्त होते, असे म्हणायचे का? असे म्हणणारा माणूस माझ्यासमोर आला, तर त्याला मी त्या शेकड्यांतल्या तान्ह्या मुलांचा हिशेब मांडायला सांगेन.

ही शंका मी नव्याने काढलेली नाही. नास्तिकांनी काढली असेही नाही. ती ब्रह्मसूत्रांतच आहे. ईश्वराने जग केले आणि जगात एक सुखी, एक दुःखी. मग ईश्वर पक्षपाती ठरतो आणि निर्दयही ठरतो. वैषम्य आणि नैर्घृण्य असे ते दोन दोष. सूत्रकारांचे उत्तर असे की ईश्वर स्वतःच्या लहरीने देत नाही, जीवाच्या कर्माकडे पाहून देतो. यावर आद्य शंकराचार्यांनी जो दृष्टांत दिला तो नेमका पावसाचा आहे. पाऊस सगळ्या शेतांवर सारखाच पडतो. भात उगवतो की जव, हे बीजावर ठरते. दृष्टांत सुंदर आहे. पण मुसीकाठी उभे राहून वाचला की अडखळायला होते. इथेही पाऊस सर्वांवर पडला. फरक बीजाने पडला की घराच्या उंचीने? बंजारा हिल्सचे टेकाड कोरडे राहिले आणि नदीकाठची सखल वस्ती वाहून गेली. सखल जागी कोण राहतो, हे मी सांगायला नको.

शास्त्र याच्यावर पुढचे उत्तर देते, ते पूर्वजन्माचे. या जन्मात बीज दिसत नसेल तर मागच्या जन्मात असेल. मागचा जन्म कशामुळे? त्याच्या मागच्यामुळे. आणि पहिला जन्म? तर संसार अनादि आहे, पहिला असा जन्मच नाही. तर्क म्हणून यात फट नाही. ती नाही म्हणूनच माझी अडचण होते. जो हिशेब कुणालाच पाहता येत नाही, त्याची बेरीज चुकली असे म्हणता येत नाही, तशी ती बरोबर आली असेही म्हणता येत नाही. श्रद्धेने धरायचा असेल तर जरूर धरावा. पण त्याच्या जोरावर शेजाऱ्याचा निकाल लावता येत नाही.

आपल्या पूर्वजांनी तर या हिशेबाबद्दल सरळ तक्रारही केली आहे. महाभारताच्या आदिपर्वात मांडव्य ऋषींची कथा येते. चोरांनी चोरीचा माल त्यांच्या आश्रमात लपवला, राजाच्या माणसांनी ऋषींनाच चोर ठरवले आणि सुळावर चढवले. पुढे मांडव्य धर्मदेवाकडे गेले आणि त्यांनी विचारले, माझा अपराध काय? धर्माने सांगितले, लहानपणी तू किड्यांना काडी टोचली होतीस. मांडव्यांनी हे ऐकून मान खाली घातली नाही. एवढ्या अपराधाला एवढी शिक्षा नाही, असे त्यांनी खुद्द धर्माला सुनावले, त्याला शूद्राच्या पोटी जन्म घेण्याचा शाप दिला, तोच विदुर झाला, आणि चौदा वर्षांच्या आतल्या मुलाने केलेल्याला पाप धरायचे नाही असा नियम घालून दिला. कर्माच्या कायद्यात एका माणसाने दुरुस्ती केली, असा याचा अर्थ होतो. शापातले शूद्रत्व मात्र त्या काळाचे ओझे आहे, ते तसेच सांगितले पाहिजे.

आता पुन्हा मुसीकडे. पूर ओसरल्यावर काय झाले याच्या दोन हकिकती हैदराबादेत सांगतात. एक अशी की सहावे निजाम महबूब अली पाशा नदीवर गेले आणि त्यांनी तिची पूजा करून शांत होण्याची विनवणी केली. आपल्या शहराच्या मिश्र स्वभावाला शोभणारी ती कथा आहे आणि मला ती आवडते. दुसरी हकिकत कागदोपत्री आहे. निजाम सरकारने मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांना बोलावले. पुण्याच्या सायन्स कॉलेजात शिकलेले, मुंबई इलाख्यात नोकरी केलेले, खडकवासल्याला आपोआप उघडणारे दरवाजे बसवणारे हे गृहस्थ १९०९ साली इथे आले. कोणाचे पाप भरले होते याची चौकशी त्यांनी केली नाही. पाणी कुठून आले, कसे आले, एवढे विचारले. त्यांच्या पाहणीत आढळले ते असे: मुसीच्या पाणलोटात ७८८ लहानमोठे तलाव होते आणि त्यांतले २२१ फुटले होते. वरचा तलाव फुटतो, त्याचे पाणी खालच्यावर जाते, खालचा फुटतो, आणि असे करत शहरावर पावसाचे पाणी आणि तलावांचे पाणी एकदम येते.

मित्रहो, कर्म कसे चालते याचे यापेक्षा स्पष्ट चित्र मला कुठल्या पोथीत सापडले नाही. बांध घालणे हे कर्म. त्याची डागडुजी न करणे हेही कर्म. सांडवा अरुंद ठेवणे, नदीच्या पात्राला चिकटून घरे होऊ देणे, हीही कर्मेच. त्यांचे फळ आले, अचूक आले, त्यात काडीचीही सूट मिळाली नाही. पण ते आले कोणाच्या पदरात? वरच्या अंगाला ज्याने बांधाकडे पाहिले नाही तो कोरडा राहिला असेल. कोळसावाडीतली म्हातारी गेली. म्हणून माझे उत्तर असे आहे. कर्माला फळ येते हे खरे. ते करणाऱ्याच्याच पानात वाढले जाते, हे डोळ्यांना दिसत नाही.

इथे टिळकांची आठवण होते, आणि ती गणेशोत्सव त्यांनी सार्वजनिक केला एवढ्यासाठीच नव्हे. मुसीला पूर आला त्याच सप्टेंबर महिन्यात टिळकांना मंडालेला नेण्यात आले. तिथल्या तुरुंगात त्यांनी गीतारहस्य लिहिले. ते १९१५ साली प्रसिद्ध झाले. त्यातले दहावे प्रकरण कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य यांवर आहे. आपण घरोघरी ते पुस्तक पाटावर ठेवून त्याला हळदकुंकू वाहतो, उघडतो कमी. त्या प्रकरणात टिळक एक गोष्ट सांगून जातात तिच्याकडे फारसे लक्ष जात नाही. कर्म एकट्या व्यक्तीचेच असते असे नाही. कुटुंबाचे असते, समाजाचे असते, राष्ट्राचेही असते, आणि त्यात जन्मलेल्याला त्याचा वाटा सोसावा लागतो. हे मानले की मुसीचा हिशेब थोडा लागतो. न्याय्य वाटतो असे नाही, पण समजतो. आणि समजला की काहीतरी करता येते. गंडीपेटचा उस्मानसागर १९२० साली आणि हिमायतसागर १९२७ साली पुरा झाला. आपल्या कित्येक घरांनी दोन-तीन पिढ्या त्या तलावांचे पाणी प्यायले. ते कोणाच्या पुण्याईचे? आपल्या तर नक्कीच नाही. फुकट मिळालेल्या दुःखाची आपण तक्रार करतो. हे फुकट मिळालेले सुख मात्र मुकाट्याने जमेला धरतो.

आणि आपले क्रियमाण काय, तेही पाहू. २०२० च्या ऑक्टोबरात शहरात काय झाले हे तुम्ही पाहिले आहे. बालापूरकडच्या गुर्रम चेरुवूचा बांध फुटला आणि खालच्या गल्ल्यांत पाणी शिरले. तळ्यांवर भराव घालून प्लॉट पडत आहेत, ते घेणारे आपल्यासारखेच लोक आहेत. एवढे बोलून हा मुद्दा सोडतो, कारण सभेत बिल्डर मंडळीही आहेत आणि वर्गणी त्यांची मोठी असते.

कर्मसिद्धांताचा सर्वांत वाईट उपयोग आपल्या समाजाने जातीसाठी केला. संत चोखामेळा मंगळवेढ्याला गावकुसाच्या कामावर असताना भिंत पडून दगावले, शके १२६० म्हणजे सन १३३८ मध्ये. त्या कामावर त्यांना कोणी लावले, याची चौकशी झाली नाही. जन्मच तसा, पूर्वसंचितच तसे, हे उत्तर तयार होते. डॉ. आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात नेमके यावर बोट ठेवले आहे. गरिबाची स्थिती त्याच्या गतजन्मीच्या कर्माने आली असे म्हटले की राज्य आणि समाज दोघेही जबाबदारीतून सुटतात. ज्यांना आंबेडकर पटत नाहीत त्यांनीही याचे उत्तर द्यावे. मला ते सापडलेले नाही. १९३४ साली बिहारला भूकंप झाला तेव्हा गांधीजींनी तो अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा आहे असे म्हटले. हेतू चांगला होता, तरी रवींद्रनाथांनी जाहीरपणे विरोध केला. मी या बाबतीत रवींद्रनाथांच्या बाजूचा आहे. भिंती कोसळतात तेव्हा त्या जात विचारत नाहीत.

मग कर्म हा शब्द टाकून द्यायचा का? मला तसे वाटत नाही. अनुशासनपर्वाच्या आरंभी गौतमी नावाच्या एका वृद्ध बाईची कथा आहे. तिचा मुलगा साप चावून मेला. एका पारध्याने साप बांधून आणला आणि म्हणाला, याला कसा मारू ते सांग. साप म्हणतो, मी मृत्यूच्या आज्ञेने चावलो. मृत्यू येऊन म्हणतो, मला काळाने पाठवले. काळ येतो आणि म्हणतो, मुलाच्या कर्मानेच त्याला मारले. सगळे हात झटकून मोकळे. शेवटी गौतमी म्हणते, माझेही कर्म असे होते म्हणून मला हे दुःख आले, सापाला सोड. भीष्माने ही गोष्ट सांगितली ती युधिष्ठिराला, जो युद्धानंतर स्वतःला खात बसला होता. आता पाहा, गौतमी ‘कर्म’ म्हणते ते स्वतःबद्दल. त्या शब्दाने ती एक जीव वाचवते आणि स्वतःचे मनही सोडवून घेते. हेच वाक्य शेजारच्या बाईने येऊन तिला ऐकवले असते तर? शब्द तोच, पण तो क्रूरपणा झाला असता.

आपल्याकडे समाचाराला जाण्याची रीत आहे आणि ती चांगली आहे. पण तिथे आपण काय बोलतो? तरुण मुलगा गेलेल्या घरी, अपंग लेकरू असलेल्या आईसमोर, ‘भोग आहेत, भोगून संपवायचे’ असे आपण सहज बोलून जातो. ज्येष्ठ मंडळी जास्त. ती आई स्वतः तसे म्हणाली तर ऐकून घ्यावे, तिचा तो आधार असेल. आपण म्हणू नये. डबा पोचवावा, दवाखान्यात रात्री बसायला माणूस द्यावा, बँकेची कामे करून द्यावीत.

शेवटी एक नाव घेतो. अमजद हैदराबादी, उर्दूतले रुबाईचे मोठे कवी. १९०८ च्या पुरात त्यांची आई, पत्नी आणि लहान मुलगी त्यांच्या डोळ्यांदेखत वाहून गेली. ते एकटे वाचले. त्या पुरावर त्यांनी कविता लिहिली, तिचे नाव ‘कयामत-ए-सुगरा’, म्हणजे छोटा प्रलय. नोकरी त्यांची सरकारी हिशेब खात्यात होती, म्हणजे दिवसभर जमाखर्चाची पाने डोळ्यांसमोर. पुढची पन्नासहून अधिक वर्षे ते याच शहरात जगले, ईश्वरावरची श्रद्धा न सोडता लिहीत राहिले, आणि १९६१ साली वारले.

ते चिंचेचे झाड उस्मानिया दवाखान्याच्या आवारात आहे. विसर्जनानंतरच्या एखाद्या रविवारी मुलांना घेऊन जा, जवळच तर आहे. आरतीची तबके आली आहेत, तेव्हा मी इथेच थांबतो. कोणाला काही विचारायचे असेल तर प्रसादाच्या वेळी बोलू.