आफ्रिकेतल्या भिश्या

आज जरा लांबच्या मुलखाबद्दल बोलू. आफ्रिका म्हटलं की वाळवंट, सिंह आणि दुष्काळ एवढंच डोळ्यांपुढे येतं. गटांच्या बैठकीत विचारलं तर बऱ्याच जणी आफ्रिकेला एक देशच समजतात. पण ते खंड आहे, ५४ देशांचं. आपल्यासारखे नऊ भारत त्यात मावतील. भाषा दोन हजारांच्या आसपास. मग समजून घ्यायचं कसं? आम्ही आपली ओळखीची वाट धरली. कुठल्या भागातल्या बायका पैसा कसा साठवतात ते बघायचं. कारण भिशी तिकडेही आहे.

उत्तरेला सहारा वाळवंट आणि त्यापलीकडे अरबी बोलणारे देश. मोरोक्कोत अर्गान नावाच्या झाडाच्या बिया फोडून बायका तेल काढतात, त्यांच्या सहकारी संस्थाही आहेत.

सहाराच्या दक्षिणेला साहेल नावाचा कोरडा पट्टा लागतो. पाऊस तीन-चार महिने, पीक बाजरीचं. आपली बाजरी मूळची याच पट्ट्यातली, हजारो वर्षांपूर्वी इकडे आली. ज्वारीसुद्धा आफ्रिकेचीच, सुदानकडची. म्हणजे आपली भाकरी तिकडची माहेरवाशीणच म्हणा ना! याच पट्ट्यातल्या नायजर देशात १९९१ साली केअर या संस्थेने बायकांचे बचत गट सुरू केले. ती पद्धत पुढे खंडभर पसरली. जवळ बँक नाही, म्हणून लोखंडी पेटी. पेटीला तीन कुलपं, तीन चाव्या तीन जणींकडे आणि पेटी चौथीच्या घरी. उघडायची ती भर बैठकीत, सगळ्यांसमोर. कर्ज त्यातूनच, आणि वर्ष सरलं की बचत व्याजासकट वाटून घ्यायची. आपल्याकडे नाबार्डने १९९२ पासून गट बँकेला जोडले, त्यामुळे आपल्याला मोठं कर्ज मिळतं. पेटीतून म्हैस येत नाही हे खरं. पण पेटीवाल्या बाईला बँकेची नोटीसही येत नाही.

मध्य आफ्रिकेत काँगोचं घनदाट जंगल. तिथे ज्वारी-बाजरी नव्हे, कसावाचा कंद खातात. आपला उपासाचा साबुदाणा होतो तोच कंद. शेजारच्या कॅमेरूनमध्ये भिशीला तोंतीन म्हणतात, दक्षिण आफ्रिकेत स्टोकवेल. स्टोकवेलवाल्या बायका वर्षभर पैसे जमवून डिसेंबरात किराणा घाऊक भावाने घेतात. आपल्या दिवाळी फंडासारखंच.

पूर्व किनाऱ्यावर स्वाहिली भाषा. तिच्यात दुकानाला ‘दुका’ आणि हिशेबाला ‘हेसाबु’. मोसमी वाऱ्यांवर गलबतं अरबस्तानात, इकडे आणि तिकडे जात-येत, त्यांतून शब्दही फिरले.

तिथून उत्तरेला इथिओपियाचं उंच पठार. जुन्या काळी हाच हबसाण. जंजिऱ्याच्या सिद्दींना हबशी म्हणत ते त्यावरूनच. इथल्या भिशीला ‘इकुब’ म्हणतात. पण आम्हाला थांबून बघावंसं वाटलं ते ‘इद्दिर’पाशी. इद्दिर म्हणजे मयतीचा गट. दरमहा प्रत्येक घर ठरलेली वर्गणी देतं. कुणाच्या घरी माणूस गेलं की इद्दिर रोख रक्कम देतं. ती परत करायची नसते. मांडव, बाकं, स्वयंपाकाची मोठी भांडी इद्दिरच्या मालकीची असतात, ती त्या दारात येतात. सभासद दुखवट्याला येऊन बसतात, आलेल्या-गेलेल्यांचं जेवण-पाणी बघतात. जो येत नाही त्याला दंडही होतो.

आपल्या गटात कर्ज बैठकीत ठराव करून मिळतं. मयत काही पुढच्या बैठकीपर्यंत थांबत नाही. अशा वेळी आपल्यातली बाई कुठे जाते ते आपल्याला ठाऊक आहे. सावकाराकडे, नाहीतर डोरलं गहाण. आणि दिवस-तेराव्याचा तो खर्च फेडण्यात पुढची दोन वर्षं जातात.

म्हणून येत्या बैठकीत एवढं बोलून घ्या. नेहमीच्या बचतीशिवाय दर महिन्याला दहा-वीस रुपये वेगळे काढता येतील का? त्याचं पुस्तक कोण लिहील? आणि बैठक न घेता, त्याच दिवशी पैसे द्यायचा अधिकार कुठल्या तिघींना द्यायचा?